एका साडीएवढी फिल्म

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रत्येकी एक फिल्म करायची होती. अट एकच होती, दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. बाकी विषय, पद्धत, सगळं आपलं आपण ठरवायचं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी गोष्टी लिहिल्या. मला गोष्ट सुचत नव्हती. मला वडगावचा आवाज सुचत होता.

बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या बाजूला कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा आवाज भिंतींमधून येतो. माझं आजोळ वडगावात. मामाच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग आहेत, चारही आर्ट सिल्कच्या, म्हणजे कृत्रिम रेशमाच्या साड्यांचे. लहानपणी सुट्टीत तिथं झोपायचे तेव्हा रात्रीचे माग बंद झाले की मला जाग यायची. आवाजात झोप लागायची आणि शांततेत मोडायची. फिल्म करायची तर या शेडवरच, एवढं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. पण कशी, ते ठरत नव्हतं. विणकरांच्या मुलाखती, मालाला भाव नाही, पुढची पिढी या धंद्यात येत नाही, हे सगळं खरंच आहे, पण ते मी आधी खूपदा बघितलं होतं आणि बघून झाल्यावर माग मात्र मला दिसला नव्हता.

मग एके दिवशी मामा धागे मोजायच्या भिंगातून कापड बघत होते. पितळेचं, दुमडणारं, खाली एक इंचाची चौकोनी खिडकी असलेलं भिंग. ते कापडावर ठेवायचं आणि सुईच्या टोकानं एकेक आडवा धागा मोजत जायचं. मी मोजायला घेतलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पन्नास आले. इंचाला पन्नास पिकं. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारी लाकडी नळी, एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पीक. साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. २१६ गुणिले ५० म्हणजे १०,८००. एका साडीत धोटा १०,८०० वेळा जातो. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आत-बाहेर धरला तर एका साडीत तेरा किलोमीटर बाणा, म्हणजे आडवा धागा लागतो. वडगावातून सरळ रेषेत ताणला तर सांबऱ्याच्या विमानतळाच्या पलीकडे जाईल.

हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर करत होते आणि सवयीनं खाली २५ नं भागलं. आमच्याकडे व्हिडिओ सेकंदाला पंचवीस फ्रेमचा. १०,८०० भागिले २५ म्हणजे ४३२ सेकंद. सात मिनिटं बारा सेकंद.

त्या क्षणी फिल्म सुचली. एका पिकाला एक फ्रेम. साडी सुरू होते तिथं फिल्म सुरू, साडी संपते तिथं फिल्म संपली. किती लांबीची करायची, कुठं कापायची, हे मी ठरवायचं नाही, कापड ठरवेल.

यात नवं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम घेतली आणि अंकुर पडद्यावर भराभर वाढताना दाखवला. त्यावरच त्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसे देणारा माणूस भेटला. आणि सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंना कॅमेऱ्यातली फिल्म थांबत थांबत पुढं सरकवायची युक्ती शिलाई मशिनवरून सुचली, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मागावर तेच चालतं. पीक बसलं की पुढच्या रुळावर कापड एक धागाभर सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. मला वाटलं, माग हा आधीपासूनच कॅमेरा आहे, मी फक्त समोर उभं राहायचं.

तांत्रिक भाग मला आवडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. मामाचा दुसऱ्या नंबरचा माग मिनिटाला एकशेवीस पिकांच्या आसपास चालतो, म्हणजे सेकंदाला दोन. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एका पिकाला साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम काढता येत नाही. म्हणून पन्नास फ्रेमवर शूट करायचं ठरवलं, म्हणजे पिकाला बरोबर पंचवीस. शटर शंभरावर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा शंभरावा भाग उजेड. शेडमध्ये ट्यूबलाईट, आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शटर तिच्याशी जुळलं नाही तर पडद्यावर काळे पट्टे पळतात. पहिल्या चाचणीत ते पळालेच. दुसऱ्या दिवशी शंभरावर लावलं आणि चित्र शांत झालं.

कॅमेरा एका मैत्रिणीच्या भावाचा. तो लग्नांची कामं करतो, त्यामुळे लग्नाची तिथी नसलेले दिवस आम्हाला मिळाले. ट्रायपॉड जमिनीवर ठेवला तर चारही मागांच्या धक्क्यानं थरथरायचा. शेवटी मामांनी छताच्या लोखंडी अँगलला लाकडी फळी बांधून दिली आणि कॅमेरा वरून, थोडा तिरका, फणीकडे, म्हणजे प्रत्येक पीक कापडाला ठोकून बसवणाऱ्या कंगव्याकडे बघत बसवला. कॅमेऱ्याची एक अडचण होती. सलग अर्ध्या तासाच्या जवळ गेला की तो आपोआप रेकॉर्डिंग बंद करायचा. मधेच बंद पडला तर पिकं चुकणार. म्हणून मी एक सोय केली: कांडीतला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या रिळातला बाणा संपला की माग स्वतःच थांबतो, तेव्हा कॅमेरा बंद करायचा, आणि धोट्यात नवी कांडी घालून माग सुरू व्हायच्या आधी पुन्हा चालू करायचा. ही सोय मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती. पुढं त्याबद्दल सांगायचं आहे.

आवाजाचं काम माझ्या वर्गमैत्रिणीनं केलं. तिच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी, आणि मामाच्या शेडमध्ये दोन्ही. मामा धोटा म्हणतात, शेजारच्या शेडमधले काका लाळी म्हणतात. मामा माग म्हणतात, ते मग्ग म्हणतात. काका आमच्याकडे आले की मामा लाळी म्हणतात आणि मामा तिकडं गेले की काका धोटा म्हणतात. माग चालू असताना मात्र कुणी काहीच बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. तिथं हातवारे चालतात. बोटं पसरून दाखवली की चहा, तळहात पालथा केला की थांब. मैत्रीण दोन तासांत ती खुणांची भाषा शिकली.

शूट एका दिवसात झालं. सकाळी सव्वानऊला सुरू, दीडला साडी उतरली. अबोली रंगाची, काठाला जरीची बारीक ओळ, शेवटी पदराला गडद जांभळा बाणा. खरा चालता वेळ दीड तास, बाकीचा थांबण्याचा. दुपारी बाराच्या सुमाराला लाईट गेली ती चाळीस मिनिटांनी आली.

दीड तासाच्या दोन लाख सत्तर हजार फ्रेम. त्यातल्या पंचविसातली एक घ्यायची. कॉम्प्युटरला सांगितलं तर तो हे दोन मिनिटांत करतो, पण माग कॉम्प्युटरसाठी चालत नाही. व्होल्टेज पडलं, पट्टा जरा घसरला, की कधी एकशेअठरा, कधी एकशेबावीस. फणी फ्रेममध्ये हळूहळू पुढं सरकायला लागते आणि अर्ध्या सेकंदात सगळं विस्कटतं. म्हणून मी प्रत्येक फ्रेम हातानं निवडली. दर पिकाला फणी मागं जायला लागलेली, ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, दरवाजा उघडलेला आणि धोटा अजून पेटीत, अशी एकच फ्रेम. दर चार-पाच पिकांनी एक फ्रेम मागं किंवा पुढं. रात्री दहा ते दोन, एकोणीस रात्री. मोजून झालं तेव्हा १०,८१२ भरली. हिशोबापेक्षा बारा जास्त, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक. ती बारा मी ठेवली आणि फिल्मचं नावही तेच ठेवलं, ‘१०,८१२’. मराठीत आधी की कन्नडमध्ये आधी हा प्रश्न आकड्याला पडत नाही.

पहिल्यांदा सलग लावून बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. फणी स्थिर उभी होती. अख्खा माग स्थिर. आणि त्या स्थिर मागातून अबोली कापड सेकंदाला अर्धा इंच या चालीनं माझ्याकडे येत होतं, जसं काही जमिनीतून पाणी झिरपतंय. आणि धोटा! एका फ्रेमला तो डाव्या पेटीत, पुढच्या फ्रेमला उजव्या. सेकंदाला पंचवीस वेळा अशी अदलाबदल झाली की डोळ्याला दोन्हीकडे एकाच वेळी दोन धोटे दिसतात, दोन्ही अर्धवट पारदर्शक, मागचं लाकूड दिसेल असे. ताण्याचंही तेच. वरचे धागे आणि खालचे धागे एकदम दिसत होते. हे माझ्या हिशोबात नव्हतं. कागदावर मी फक्त कापड वाढवलं होतं.

सरांना दाखवायच्या आधी मामा-मामींना दाखवायचं, असं मी आधीच कबूल केलं होतं. रविवारी दुपारी पेनड्राईव्ह घेऊन गेले. जेवण झालं, मामांनी टीव्ही लावला, मामी कणकेचे हात धुऊन दारातच बसली. सात मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, आवडली.

संपल्यावर मामी म्हणाली, “परत लाव की.”

परत लावली. साधारण दीड मिनिट झालं असेल, तिनं बोट टीव्हीला लावलं. “इथं दोरा तुटलेला.”

मला काही दिसलं नाही. मी मागं घेऊन फ्रेम थांबवली. तिच्या बोटाखाली, कापडाच्या आडव्या रुंदीभर, एक केसाएवढी दाट रेघ होती. “माग थांबला आणि परत चालू केला की पट्टी पडते. कितीबी जपून चालू कर, पडतेच. ही बघ. आणि ही कांडी बदललेली, रंग जरा उजळ झालाय. ही परत दोरा.” ती पुढं पुढं सांगत गेली. कुठं थांबलं, का थांबलं, सगळं. लाईट गेलेली जागा तर मामांनी लांबूनच ओळखली. “चाळीस मिनिटं ताणा ओढून राहिला की असंच होतंय. ही साडी व्यापाऱ्यानं सेकंडमध्ये टाकली असती.”

मग मामी म्हणाली, “मामा दिसत नाहीत कुठं.”

खरंच दिसत नव्हते. १०,८१२ फ्रेममध्ये माणूस एकदाही नव्हता. एका पिकाला एक फ्रेम घेतली की पीक नसलेला वेळ आपोआप गळून पडतो. माग थांबला की पीक नाही, पीक नाही की फ्रेम नाही. आणि मामांचा हात कापडावर येतो तो नेमका माग थांबल्यावर. चालू असताना ते शेजारी उभे असतात, कान देऊन. त्यांना तुटलेला धागा दिसायच्या आधी ऐकू येतो. मी अशी पद्धत निवडली होती की जिच्यात विणकराचं काम मोजलंच जात नव्हतं. फाळक्यांच्या वाटाण्याला ते चाललं. रोपाची वाढ मधेच तुटत नाही, त्याला कुणी सांधायला लागत नाही.

मामा मात्र म्हणाले, “चांगलं झालंय गं, असू दे.” त्यांचं ते ‘असू दे’ मला घरापर्यंत ऐकू येत राहिलं.

त्या रात्री सगळं मूळ चित्रण पुन्हा काढून बसले. ताण्याचा धागा तुटतो तेव्हा आमचा जुना माग आपोआप थांबत नाही, मामा थांबवतात, त्यामुळे ते तिन्ही प्रसंग कॅमेऱ्यात होते. सांगून येत नाहीत ना, कॅमेरा बंद करायला मला वेळच मिळाला नव्हता. मी ठरवलं की पिकांची फिल्म आहे तशीच राहील, एकही फ्रेम कमी करायची नाही, पण जिथं धागा तुटला तिथं ती थांबेल, आणि पडदा खऱ्या वेळात, खऱ्या आवाजात चालेल. पहिला तुटलेला धागा ४० सेकंद. दुसरा ३५. तिसरा ५८.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. मामांचा डावा हात ताण्यावरून फिरतो, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या केसांवरून फिरवू. हजारो धाग्यांत एक सैल आहे तो बोटांना लागतो, डोळे दुसरीकडेच. मागाच्या बाजूला खिळ्याला दोऱ्यांचा एक झुपका कायम टांगलेला असतो, त्यातला वीतभर दोरा ओढतात, टोक ओठांत धरून ओलं करतात. तुटलेल्या टोकाला गाठ. गाठ कशी पडते ते मी फ्रेम-फ्रेम करून बघितलंय, अंगठ्याखाली एक वेढा, तर्जनीवरून दुसरा, आणि नखानं दाबून ओढ. एक सेकंदही पुरता लागत नाही. पण त्यानंतर तो दोरा वहीच्या, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या डोळ्यातून काढायचा, मग फणीच्या नेमक्या घरातून. तिथं ते थांबतात. आकडी घरात जाते, बाहेर येते, दोरा येत नाही. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा येतो. मग दोरा कापडाशी ओढून धरतात, दुसऱ्या हातानं माग चालू, आणि दोन-चार पिकं बसेपर्यंत बोट तिथंच.

७ मिनिटं साडेबारा सेकंद अधिक २ मिनिटं १३ सेकंद. दहा मिनिटांत ३४ सेकंद उरत होते. ते मी लाईट गेली त्या वेळेला दिले. चारही माग एकदम मंदावतात, शेजारच्या शेडचे, त्या पलीकडचे. मग कुणाच्या तरी परसात कोंबडी, लांब कुठं रिक्षा, आणि अगदी शेवटी, इतका वेळ कुणालाच ऐकू न आलेला, मामीच्या हातरहाटाचा आवाज. रहाटाला वीज लागत नाही. ती पडवीत कांड्या भरत होती, भरत राहिली.

आणि इथं ती माझी हुशारीची सोय येते. साडीला तेरा कांड्या लागल्या. तेरा वेळा मामांनी धोटा काढला, मामीनं भरलेली कांडी त्यात बसवली, दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून ओढून घेतलं. आणि तेराही वेळा माझा कॅमेरा बंद होता. माझ्या बॅटरीसाठी, माझ्या अर्ध्या तासाच्या मर्यादेसाठी. त्या साडीतला तेरा किलोमीटर बाणा मामीच्या हातातून गेला, आणि माझ्याकडे तिच्या हाताची एक फ्रेम नाही. पुन्हा एकदा जाऊन कांडी बदलतानाचं शूट करता आलं असतं, मैत्रीण म्हणालीही. पण ती दुसरी साडी झाली असती. या फिल्मचा नियमच असा होता की हीच साडी, हाच दिवस. मी तो मोडला नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. नियम मोडून मामीचा हात आणावा, असं काही रात्री फार वाटतं.

कॉलेजात फिल्म झाली, मार्क बरे मिळाले. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, ही माहितीपट समजायची की प्रायोगिक. मी म्हणाले, साडी. त्यावर पुढं बोलणं झालं नाही.

खरा खेळ झाला आषाढात, मंगाई देवीच्या यात्रेला. त्या दिवशी वडगावात माग बंद असतात आणि घरोघरी पाहुणे. संध्याकाळी पाऊस धरलेला, म्हणून शेडमध्येच, दोन मागांच्या मधे पांढरी चादर लावली. प्रोजेक्टर उधारीचा. पंचवीस-तीस माणसं असतील, बहुतेक विणकर, काही बाया कडेवर पोरं घेऊन. लाकडी पेटीवर, बीमवर, जागा मिळेल तिथं बसलेली.

इतकी बोलकी फिल्म मी त्याआधी पाहिली नव्हती. दोन धोटे दिसायला लागल्यावर पोरं ओरडली. तिसऱ्या गाठीला, दोरा फणीतून येत नव्हता तेव्हा, मागून कुणीतरी “डावीकडं, डावीकडं” म्हणालं आणि शेजारचे काका कन्नडमध्ये म्हणाले, थांबा, येईल. चौथ्यांदा आला तेव्हा सगळ्या शेडनं श्वास सोडला. लाईट गेली त्या जागी माग मंदावत गेले तसे कडेला बसलेले एकजण उठून दाराशी गेले आणि गल्लीत बघून आले, शेजारची पण गेली काय म्हणून.

मी मामीच्या शेजारी बसले होते. ती पडद्याकडे बघत होती, पण तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवीचं काहीतरी म्हणतेय. पदराचा जांभळा रंग आला, फिल्म संपत आली, तेव्हा मला ऐकू आलं. कापडाचा रंग जिथं जिथं किंचित उजळ किंवा गडद व्हायचा, तिथं ती मोजत होती.

“अकरा,” ती म्हणाली. जांभळा सुरू झाला तिथं, “बारा.” मग बराच वेळ काही नाही. चादरीवर कापड अर्धा अर्धा इंच येत राहिलं. शेवटाला वीतभर उरलं असेल.

“ही बघ. तेरा.”